दुसऱ्या मॉनिटरवर

१

उन्हाळ्यात आमच्या स्टुडिओला दोनच कामं असतात, लग्नाची आणि मयताची. लग्नं प्रेमराज बघतो, मयताची मी. प्रेमराज माझा नवरा. तो कॅमेरे घेऊन साक्री, शिरपूर, जामनेर असा हिंडत असतो, मांडवात मिरवतो, पंगतीला जेवतो. मी धुळ्यात दुकानात कुलरसमोर बसून मेलेल्या माणसांचे फोटो तयार करते. आमच्याकडे सुतक संपताना गंधमुक्तीचा कार्यक्रम असतो, आणि त्या दिवशी खुर्चीवर ठेवून हार घालायला मोठा फोटो लागतोच. तक्रार म्हणून सांगत नाही. हे काम मला जमतं आणि प्रेमराजला जमत नाही, एवढंच.

कॉम्प्युटरसुद्धा माझ्याच ताब्यात. कॅबिनेटचं झाकण उघडायचं म्हटलं की प्रेमराजला घाम फुटतो. लग्नाचे व्हिडिओ आता इतके जड झालेत की जुन्या मशीनवर एक गाणं तयार होईपर्यंत माझा स्वयंपाक उरकायचा. शेवटी अर्हमकडून नवीन ग्राफिक्स कार्ड मागवलं. अर्हम म्हणजे आग्रा रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानाचा मालक, गौतमचंद शेठचा मुलगा, मला भाभी म्हणतो. मी येऊन बसवून देतो म्हणाला. मी म्हटलं राहू दे, एवढं मला येतं.

खरं सांगायचं तर त्या दिवशी माझं लक्ष दुकानात नव्हतं. माझी धाकटी बहीण सारिका जळगावला दवाखान्यात होती. पहिलं बाळंतपण म्हणून भडगावला आईकडे आलेली, तिथे बीपी वाढलं म्हणून जळगावला हलवलेली. आमचे वडील गेले तेव्हा ही अंगावर पिणारी होती. आई शेतात जायची आणि मी हिला कडेवर घेऊन शाळेत जाऊन बसायचे. मास्तर रागवायचे, मग तेही रागवायचे बंद झाले. मला स्वतःला मूल नाही. लोक बहीण म्हणतात, पण माझं लेकरू तीच आहे.

सकाळीच निघते म्हटलं तर आईने फोनवर थांबवलं. अजून वेळ आहे म्हणे, उद्या ये. इकडे वना नानांच्या घरी दुसऱ्या दिवशी गंधमुक्ती होती आणि त्यांच्या बायकोचा फोटो व्हायचा होता. म्हणून थांबले.

२

दुपारची जेवणं झाली की आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा उभं राहत नाही. मी शटर अर्ध्यावर ओढलं आणि कॅबिनेट आडवं केलं. लोखंडी कपाटाला हात लावून अंगातला करंट घालवला, जुनं कार्ड काढलं, नवीन स्लॉटमध्ये दाबून बसवलं. पॉवरची वायर जोडली, स्क्रू पिळला, मॉनिटरची केबल नवीन कार्डाला लावली आणि बटण दाबलं.

पंखे फिरले. कार्डावरचे दिवे लागले. मॉनिटर काळा.

असं होतं. पहिल्या झटक्यात सुरू झालं तर तेच नवल म्हणायचं. केबल काढून परत लावली. मग दुसरी केबल लावली. रॅम काढून खोडरबराने घासली, फुंकर मारून बसवली. कार्ड काढून पुन्हा बसवलं. मॉनिटर घरच्या लॅपटॉपला जोडून पाहिला, तर चित्र आलं, चांगलं लखलखीत. परत कॅबिनेटला जोडला की काळा. घाम हनुवटीवरून टपकत होता आणि मी त्या कार्डाच्या कंपनीला मनातल्या मनात जे काही बोलत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेवढ्यात स्पीकरमधून सुरू होतानाची धून वाजली. म्हणजे मशीन व्यवस्थित चालू झालं होतं. मला फक्त दिसत नव्हतं. मी आंधळेपणाने पासवर्ड टाकला, एंटर दाबलं, आणि आत शिरल्याचा आवाज आला.

मग मॉनिटरच्या दिव्याकडे लक्ष गेलं. सिग्नल नसला की आमचा मॉनिटर तसं लिहून दाखवतो, दिवा केशरी होतो आणि तो झोपी जातो. हा झोपला नव्हता. दिवा निळा होता. त्याला चित्र मिळत होतं, आणि ते चित्र काळं होतं. मी पडद्याला नाक लावून पाहिलं. अगदी कोपऱ्यात, उजव्या कडेला, माउसचा बाण होता. मी बघत असतानाच तो कडेपलीकडे गेला आणि दिसेनासा झाला.

माझा हात माउसवर नव्हता. पण टेबलावर सनमायका आहे, पंख्याचा वारा आहे, असा बाण सरकतो कधी कधी. मी अर्हमला फोन लावला.

३

अर्हम गिऱ्हाइकात होता, थोड्या वेळाने करतो म्हणाला. तेवढ्यात शटरखालून वाकून वना नाना आत आले. नाना म्हणजे नगाव बाजूचे शेतकरी, वय झालेलं, डोक्यावर टोपी, खांद्यावर रुमाल. त्यांची बायको ताईबाई उन्हाने गेली. मी सांगितलं मशीन बंद आहे, संध्याकाळपर्यंत होईल. ते म्हणाले, उन्हात परत कोठे जाऊ, बसतो इथेच. पुढच्या बाकावर रुमालाने वारा घेत बसले.

इथे मला आमच्या कामाची पद्धत सांगायला हवी. खेड्यातल्या म्हाताऱ्या बाईचा धड एक फोटो घरात नसतो. आधार कार्डावरचा असतो, नाहीतर कोणाच्या लग्नात मागच्या रांगेत अर्धा चेहरा. नाना पहिल्यांदा आले तेव्हा तेच म्हणाले होते, तिना एक बी फोटो नई शे, बेटी, आधारवरला तेवढा शे. तर आम्ही काय करतो, त्या फोटोतून डोकं कापून घेतो आणि तयार अंगावर लावतो. पुरुषांसाठी कोट घातलेलं अंग असतं, टोपीवाल्यांसाठी पांढऱ्या सदऱ्याचं. सगळ्याच स्टुडिओत हे असतं.

बायकांचं अंग मात्र आमच्याकडे चांगलं नव्हतं. बाजारात जी मिळायची ती मुंबईच्या मॉडेलची, उभी, कंबर दाखवणारी. आपल्या आजीचं डोकं असल्या अंगावर कोण लावून घेईल? शेवटी मी सासूबाईंचं जुनं हिरवं लुगडं नेसले, डोक्यावरून पदर घेतला, खुर्चीत मांडीवर हात ठेवून बसले आणि प्रेमराजला म्हटलं, काढ फोटो. त्यातून माझं डोकं काढून टाकलं. तेव्हापासून आमच्याकडून गेलेली प्रत्येक बाई माझ्या अंगावर गेली. सासूबाईंना ते पटलं नव्हतं. जिवंत बाईने मयताच्या खुर्चीत बसू नये म्हणायच्या. मी त्यांना म्हटलं होतं, खुर्ची स्टुडिओची आहे.

नानांनी त्या पहिल्या भेटीत स्क्रीनवर ते बिनडोक्याचं लुगडं बराच वेळ पाहिलं होतं. मग विचारलं होतं.

"हाई आंग कोनं शे, बेटी?"

मी हसून सांगितलं, माझंच आहे नाना.

"मंग तुनं डोकं कोठे शे?"

डिलीट केलं म्हटलं. नानांनी मान हलवली आणि आधार कार्ड माझ्या हातात दिलं.

४

अर्हमचा फोन आला. मी सगळं सांगितलं. त्याने आधी तोच प्रश्न विचारला जो सगळे विचारतात, केबल कार्डालाच लावली ना, मागच्या जुन्या जागी नाही ना. मी म्हटलं, अरे बाबा, मला काय पहिल्यांदा दिसतंय का हे. मग म्हणाला, नेट चालू असेल तर मी माझ्या दुकानातून तुमच्या मशीनमध्ये शिरून बघतो. ते रिमोटचं सॉफ्टवेअर त्यानेच मागे टाकून दिलेलं, मशीनबरोबर आपोआप सुरू होतं.

फोन स्पीकरवर ठेवून मी काळ्या पडद्यासमोर बसले. त्याच्या दुकानातला कीबोर्डचा आवाज ऐकू येत होता.

आलो आत, म्हणाला. सगळं नीट दिसतंय भाभी, कार्ड एकदम ओके आहे. मशीन दोन मॉनिटर दाखवतंय. एक नंबर तुमचा हा, त्यावर काही नाही, रिकामा. सगळं काम दोन नंबरवर चाललंय. दुसरा मॉनिटर कुठे लावलाय? टीव्हीला केबल दिलीय का?

मी म्हटलं, माझ्याकडे दुसरा मॉनिटर नाही. टीव्हीही नाही. एक केबल आहे, ती समोर दिसतेय.

मग चुकून ओळखत असेल, म्हणाला. नवीन कार्ड कधी कधी भलतंच काहीतरी ओळखतं. मी दोन नंबर बंद करतो, मग सगळं तुमच्याकडे येईल. बराच वेळ तो काहीतरी करत राहिला. मग जरा वैतागून म्हणाला, "भाभी, तुम्ही जरा काम थांबवा ना. तुम्ही माउस फिरवताय, मला हातातच येत नाहीये."

मी माझे दोन्ही हात पाहिले. एका हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. दुसऱ्याने मी पदराने मान पुसत होते.

५

तर्क लढवायला मी कमी पडत नाही. पहिला विचार, व्हायरस. दुसरा विचार, शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा बिनवायरचा माउस आमच्या मशीनला लागला. तिसरा विचार, अर्हम मजा करतोय. तिसरा लगेच सोडून दिला, कारण तो मजा करणारा नाही, गिऱ्हाइकाशी तर नाहीच.

मी त्याला सांगितलं, मी काही फिरवत नाही. आणि माउसची वायरच उपटून टाकली. आता?

तो म्हणाला, अजून फिरतोय. मग म्हणाला, नेट हळू असेल, मागचं दिसत असेल. मी हो म्हटलं. आम्ही दोघांनी पटकन ते मान्य केलं.

मी विचारलं, काय उघडं आहे तिथे? फोटोचं काम आहे, म्हणाला. बाईचा फोटो. हिरवं लुगडं, खुर्चीत बसलेली, डोकं नाहीये. तेच ना, तुमचं नेहमीचं?

ती फाईल मी उघडली नव्हती. दुपारपासून मशीन तर उघडून आडवं पडलेलं होतं. पण आदल्या संध्याकाळी नानांचं काम मी काढलं होतं, तर उघडी राहिली असेल, मशीन सुरू होताना जुनं परत उघडतं कधी कधी. हे सगळं मी स्वतःला सांगितलं. आणि तेव्हाच कार्डाचे पंखे जोरात फिरायला लागले. ज्याने या मशीनवर काम केलंय त्याला आवाजावरून कळतं. नुसतं बसून असलं की पंखा गुणगुणतो. काही मोठं काम दिलं, चेहरा कापायचा, कडा मऊ करायच्या, की श्वास भरल्यासारखा चढतो. तो चढत होता, थांबत होता, पुन्हा चढत होता. कोणीतरी सावकाश, नीट, माझ्याच पद्धतीने काम करत होतं.

भिंतीला टेकवून ठेवलेल्या रिकाम्या फ्रेमांकडे माझी नजर गेली. हार घालायच्या मोठ्या फ्रेमा, अजून फोटो न भरलेल्या, नुसती काच. सगळ्यात पुढच्या काचेत उजेडाचा एक चौकोन दिसत होता. निळसर. मॉनिटरएवढा. माझा मॉनिटर तर काळा होता. मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती, कॅलेंडर होतं, आणि खिळ्याला प्रेमराजचा शर्ट.

शटरखालून ऊन येत असेल. मी उठून शटर अजून खाली ओढलं. नाना म्हणाले, बरं केलं, झळ लागत होती. मी परत येऊन बसले तर चौकोन काचेत तसाच होता आणि त्याच्यासमोर कोणाचं तरी कोपर हलत होतं.

मी ती फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवली.

६

भाभी, अर्हम म्हणाला, आता दुसरा फोटो उघडलाय. हा मयताचा नाही.

मी म्हटलं, आधार कार्डाचा असेल. म्हातारी बाई, कपाळावर गोंदण.

नाही, म्हणाला. तरुण आहे. फुलांचे दागिने घातलेत, हातात धनुष्यबाण दिलाय, हसतेय. डोहाळजेवणाचा वाटतो.

सारिकाच्या डोहाळजेवणाचे फोटो प्रेमराजने काढले होते, भडगावच्या घरी, आणि ते याच मशीनमध्ये होते. पण डोहाळजेवणं आम्ही कितीतरी करतो. मी विचारलं, डाव्या गालावर काही आहे का?

तीळ आहे, म्हणाला. मोठा.

त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून तो त्याला दिसतंय ते मला सांगत राहिला, बिचारा, मदत म्हणून. डोकं कापून घेतलंय. केस सुटे करताहेत. आता केसांतली फुलं खोडायला लागलेत. एकेक. कोण करतंय हे भाभी?

फोनवर दुसरा कॉल वाजायला लागला. आई. मी अर्हमला तसाच धरून ठेवला आणि आईचा घेतला. आई रडत नव्हती, त्याचीच मला भीती वाटली. म्हणाली, बीपी एकदम चढलं, झटका आला, आत नेलंय. जावईबापूंची सही घेतली. डॉक्टर म्हणाले दोघांपैकी कोणाचं काही सांगता येत नाही. मी विचारलं, कधी नेलं? म्हणाली, आत्ता, हा फोन लावायच्या आधी.

कार्डाचा पंखा चढला.

७

मी उठले आणि भिंतीवरच्या बोर्डातून कॅबिनेटची वायर उपटली. विचार करून नाही. तव्यावरून हात मागे येतो तसं. पंखे मंदावले, थांबले. दिवे गेले. दुकानात एकदम इतकी शांतता झाली की नानांचा रुमाल हलतोय तेही ऐकू येत होतं.

आईचा फोन ठेवून मी अर्हमला म्हटलं, बंद केलं मी. संपलं.

पलीकडे त्याने घसा साफ केला.

"भाभी, अजून चालू आहे."

मी म्हटलं, नेट अडकलंय तुझं. जुनं चित्र आहे ते.

"नाही भाभी. हलतंय. फुलं सगळी झाली. आता डोकं लुगड्यावर आणून ठेवलंय. पदर पुढे ओढून बघतंय."

वायर माझ्या हातात होती. पिनचा धातू अजून कोमट होता. मी ती वायर धरून दुकानाच्या मधोमध उभी होते आणि मला माझ्या सगळ्या शहाणपणाची लाज वाटली. कोणाला काय विचारायचं, काय बंद करायचं, कुठली केबल काढायची, मला काहीसुद्धा कळत नव्हतं. मला फक्त ती दिसत होती, शाळेच्या ओट्यावर माझ्या मांडीवर झोपलेली, तोंडातून लाळ गळत असलेली. तिला माझ्या त्या लुगड्यात कोणीतरी बसवत होतं. माझे हात तिच्या मांडीवर ठेवून.

किती वेळ राहिलाय, मी अर्हमला विचारलं. काय राहिलंय अजून?

म्हणाला, फक्त मानेचा जोड.

मी काळ्या मॉनिटरसमोर जाऊन उभी राहिले. पडद्यात माझी सावली दिसत होती, खांद्यांपर्यंत. त्याच्या वर अंधार होता. मी त्या अंधाराला बोलले. नाना ऐकत होते, अर्हम ऐकत होता, मला कोणाचं काही वाटलं नाही.

"ते अंग माझं आहे. त्या खुर्चीत मी बसले होते, ती नाही. तिचं डोकं ठेव तिथल्या तिथे. माझं लाव."

बाकावरून नाना उठून उभे राहिले.

"काय व्हयनं, बेटी?"

मी त्यांना हाताने थांबवलं. फोनमधून अर्हमचा श्वास ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, थांबलंय. मग म्हणाला, ते डोकं काढलं. परत त्या फुलांच्या फोटोत नेऊन ठेवलं. फुलं पण परत आली.

आणि आता? मी विचारलं.

आता लुगड्याच्या फोटोत एक जुनं काहीतरी शोधतंय, म्हणाला. भाभी, हे तुमचं... एवढं बोलून तो थांबला. नंतर मी किती हाका मारल्या तरी बोलला नाही. फोन त्याने कापला नव्हता, कारण त्याच्या दुकानातला पंखा मला ऐकू येत होता.

८

वायर मी माझ्या हाताने परत बोर्डात लावली. कोणी सांगितलं नव्हतं. बघायचं तर मलाच होतं, अजून किती वेळ दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघणार?

बटण दाबायच्या आधीच मॉनिटर लागला. ना कंपनीचं चिन्ह, ना पासवर्ड. थेट फोटो. हिरवं लुगडं, मांडीवर हात, डोक्यावरून पदर, आणि पदरात मी. केसांत पांढरे होते, आत्ता आहेत तेवढे. तो फोटो काढला तेव्हा माझा एकही केस पिकलेला नव्हता. मयताच्या फोटोला मानेजवळ एक जोड राहतो. कितीही हात फिरवा, मला तो दिसतोच, म्हणून मी तिथे काळी पोत ओढते. मी जवळ जाऊन पाहिलं. जोड नव्हता. डोळ्यांकडे मी पाहिलं, पण जास्त वेळ नाही. ते कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. फ्रेमच्या बाहेर, बाजूला कोणीतरी उभं असावं तसं तिकडे बघत होते, आणि घाबरलेले नव्हते.

आईचा फोन आला. या वेळी ती रडत होती, म्हणून मला कळलं. मुलगी झाली. रडली, चांगली आहे, काळंभोर जावळ आहे. मी खाली जमिनीवरच बसले. तोंडावर पदर दाबून रडले, मोठ्याने, नानांसमोर. नानांनी रुमाल पुढे केला. मग मी विचारलं, आणि सारिका?

आई म्हणाली, रक्त थांबलंय. पण अजून शुद्धीवर नाही. डॉक्टर म्हणतात जागी होईल, पण होत नाहीये. आम्हाला आत बोलावलंय, हाका मारतोय.

मी फोन कानाला धरूनच मान वर केली. फोटोवर आता एक छोटी चौकट आलेली होती. रोज येते ती, काम बंद करताना येते तीच. बदल सेव्ह करायचे का? हो. नाही. रद्द.

मला कोणी धरलेलं नव्हतं. बाळ बाहेर आलेलं होतं. सारिका तरुण आहे, धडधाकट आहे, जागी झालीच असती आपली आपण, असं माझ्यातल्या अर्ध्या बाईने मला सांगितलं, आणि ती अर्धी बाई काही मूर्ख नाही. 'नाही'वर क्लिक करायचं, मशीन अर्हमच्या दुकानात टाकून द्यायचं, प्रेमराजला म्हणायचं कार्ड खराब निघालं. कोणाला कळणार होतं? चौकट तशीच थांबली होती. पंखा हळू गुणगुणत होता. आई फोनवर, सारू, ए सारू, डोळे उघड बाई, असं म्हणत होती आणि मागे ते बाळ रडत होतं.

मी माउसची वायर शोधली. पिन बसेना. नाना खाली वाकले आणि त्यांनी ती धरून दिली. बाण आला. त्याला मी 'हो'वर नेलं आणि दाबलं.

पंखा एकदा जोरात चढला आणि उतरला. फोटो मिटला. समोर आमचा रोजचा डेस्कटॉप होता, लग्नांच्या फोल्डरांनी भरलेला.

फोनवर आईचा आवाज बदलला. उघडले गं, म्हणाली, उघडले डोळे. मग कोणाशी तरी बोलली, हो हो, सांगते. आणि मला म्हणाली, "तुझंच नाव घेतेय. ताई कधी येणार विचारतेय. उद्या येशील ना तू?"

मी नानांना सांगितलं, प्रेमराज येईल, तो करून देईल तुमचा फोटो, आणि त्याला म्हणा, अंग दुसरं घे. चपला शोधल्या. पाकीट घेतलं.

"उद्या नको, आई," मी म्हटलं. "मी आत्ताच निघते."